गावविकास, लोकसहभाग आणि गावाची रीतभात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरपंच, बचत गटाच्या ताया, नव्याने रुजू झालेले ग्रामपंचायत अधिकारी, गावासाठी काही करू पाहणारी मुंबई-पुण्याची मंडळी आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कायदे आणि दाखले महाराष्ट्रातले आहेत. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. तेच तेच दोनदा सांगायला नको म्हणून गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लोकसहभाग म्हणजे श्रमदान आणि वर्गणीच ना?

नाही, आणि बहुतेक गावांत घोटाळा इथूनच सुरू होतो. काम कोणते करायचे हे ठरवणे, ते राबवणे, खर्चाचा हिशेब तपासणे आणि झालेले काम पुढे वर्षानुवर्षे राखणे, या चारही ठिकाणी लोक असतील तर तो सहभाग. आराखडा तालुक्याला तयार झाला, ठेकेदार ठरला आणि गावाला फक्त टिकाव-फावडे घेऊन फोटोपुरते बोलावले, तर ती बिनपगारी मजुरी झाली. हजेरीवहीवर सह्या जमल्या म्हणजे सहभाग झाला, असे कागदावर दाखवता येते. पण नळाची तोटी तुटली की ती कोण बसवतो ते पाहा, लगेच कळते.

२. ग्रामसभेचे नियम थोडक्यात सांगाल का?

गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ७ प्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा त्यासाठी रुळल्या आहेत. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणे बंधनकारक आहे. नोटीस फलकावर लावायची आणि गावात दवंडीही द्यायची. पुरेशा कारणाशिवाय सभा टाळणाऱ्या सरपंचावर अपात्रतेची कारवाई होऊ शकते.

सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही. त्यामुळे काही ठिकाणी पहिली सभा मुद्दामच पाडली जाते. तुमच्या गावात दरवेळी तहकूब सभेतच ठराव होत असतील, तर डोळे उघडे ठेवा.

३. ग्रामसभेला पन्नास माणसे येत नाहीत आणि हरिनाम सप्ताहाला सगळा गाव लोटतो. असे का?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याचा सूर बहुधा तक्रारीचा असतो, "लोकांना विकास नको, भजनच हवे". आमचे मत उलटे आहे. सप्ताह ही गावाची सर्वांत चांगली चालणारी संस्था आहे आणि ग्रामसभेने तिच्याकडून शिकावे.

सप्ताहाचे काम कसे चालते ते जवळून पाहा. तिथी पिढ्यानपिढ्या ठरलेली, नोटिशीची गरज नाही. महिनाभर आधी मंडळी देवळात बसतात. कोणत्या दिवसाची पंगत कोणाकडे, काल्याचे कीर्तन कोणाचे, मांडव कोणाकडून, पहाटेच्या काकड्याला कोण, रात्रीच्या पहाऱ्याला कोणती आळी, सगळे नावानिशी ठरते. वीणा चोवीस तास खाली ठेवायची नसते, म्हणून पहाटे तीनच्या पाळीलाही माणूस नेमलेला असतो आणि तो येतो. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात तर पंचक्रोशीतल्या घराघरांतून भाकरी गोळा होऊन ट्रॅक्टर भरून येतात आणि आमटी जागेवर शिजते. लाखोंची पंगत अशी उठते. शेवटच्या दिवशी लाउडस्पीकरवर नाव आणि रक्कम वाचून दाखवतात, अकरा रुपयेवाल्याचेही नाव घेतात.

आता ग्रामसभा. नोटीस आदल्या दिवशी चिकटवलेली, वेळ सकाळी अकराची, म्हणजे ऐन कामाची. मागच्या ठरावांचे काय झाले हे कोणी सांगत नाही. बोलायला उठले की "नंतर बघू". आलेल्या माणसाच्या वाट्याला काम नाही, आणि नाही आले तरी कोणाचे अडत नाही. अशा सभेला लोक येत नाहीत यात नवल काय? वेळ संध्याकाळची करा, सुरुवातीलाच मागच्या ठरावांचा जमाखर्च वाचा आणि प्रत्येक कामाला दोन माणसे नावानिशी नेमा. एवढ्याने पहिल्याच वर्षी फरक दिसतो.

४. मग विकासकामात गावाच्या संस्कृतीचा उपयोग कसा करून घ्यायचा?

'उपयोग करून घ्यायचा' म्हटले की गडबड होते. भारुडात शौचालयाची जाहिरात कोंबली की लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. सरकारी कलापथकांचे बरेच कार्यक्रम असेच वाया गेले.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनाला जाहिरात जोडली नाही. दिवसभर हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात उभे राहून 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला' म्हणायचे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे कापू नका, पोरांना शाळेत घाला, हे ते लोकांशी प्रश्नोत्तरे करत सांगत. ऐकणाऱ्याने सकाळी त्यांना झाडताना पाहिलेले असायचे. पुढे २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हाही आधी निधी मिळत नव्हता. गावाने काम करायचे, तपासणी व्हायची आणि मग बक्षीस. पैसे नसताना गावे इरेला पेटली ती यामुळेच. अर्थात बक्षिसानंतर काहींचा उत्साह पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकला नाही.

अलीकडचा एक छोटा पण नेमका दाखला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. नवी यंत्रणा उभी केली नाही. देवळाचा आवाज गावाला ओळखीचा होताच.

५. कामाचा मुहूर्त कधी धरावा?

गावाच्या पंचांगाप्रमाणे. सुगी, लग्नसराई, यात्रा, पोळा आणि आषाढी वारीचे दिवस टाळा. बीडसारख्या ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यात दिवाळीनंतर निम्मे गाव कारखान्यावर असते, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. अशा गावात जानेवारीत 'गावाचा आराखडा' केला, तर तो उरलेल्यांचा आराखडा होतो. पाणी फाउंडेशन या संस्थेची गावागावांतली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा एप्रिल-मेमध्ये ४५ दिवस चालायची. शेतात काम कमी, पाण्याची झळ अंगाला लागलेली आणि पाऊस तोंडावर. वेळ अचूक होती.

६. इर्जिक, सावड, पडकई या पद्धती आज चालतात का?

चालतात, पण जिथे परतफेड खरी आहे तिथेच. सावड म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने काम करणे. इर्जिकीत शेजाऱ्याचे औत आपल्या रानात येते, आपण जेवण घालतो आणि उद्या आपले औत त्याच्या रानात जाते. ट्रॅक्टर आला आणि ही साखळी बऱ्याच ठिकाणी तुटली. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगराळ भागात आदिवासी शेतकरी उतारावर दगडी बांध घालून भातखाचरे तयार करतात, ती पडकई. तिच्या कामाला पुढे सरकारी योजनेतून मजुरी मिळू लागली. लोकांची पद्धत आधी आणि योजना मागून आली, हा क्रम क्वचितच पाहायला मिळतो.

७. पूर्वी गावे सगळे एकदिलाने करायची, ती पद्धत परत आणता येईल का?

अर्धे खरे आहे. धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून तिचे अवशेष आहेत. बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड म्हणजे शेतांचे गट, एका फडात एकच पीक आणि पाणी फिरवायला शेतकऱ्यांनीच नेमलेले पाटकरी. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव गावाच्या देखरेखीत होते. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, रद्द झाल्यावर तलाव सरकारकडे गेले, 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव झाले आणि गाळ काढायचा कोणी हा प्रश्न लोंबकळत राहिला. मालकी गेली की आस्था जाते, हे तिथल्या गाळात आजही दिसते.

आता दुसरी बाजू. त्याच जुन्या गावात काही माणसांना वेठीला धरले जायचे. दवंडी देणे, मेलेली जनावरे ओढणे, निरोप पोचवणे ही कामे जन्माने ठरत. महार वतन त्यासाठीच बाबासाहेबांना नको होते, आणि कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी गावाला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे ठिकाण म्हटले, ते या अनुभवातून. 'पूर्वीचा एकोपा' म्हणताना कोणाचा एकोपा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या गावातून वाटपाचे नियम घ्यावेत, मानपान तिथेच राहू द्यावा.

८. लोकवर्गणी किती असावी?

योजनेवर अवलंबून आहे. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या कामांच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवाटा धरला होता. डोंगराळ, जंगलातली किंवा निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेली गावे असतील तर ५ टक्के. रोख, वस्तू किंवा श्रम, कशातही तो चालतो. व्यवहारात बऱ्याच ठिकाणी ठेकेदारच लोकवाटा भरतो आणि वसूल कसा करतो हे पाइपची जाडी पाहून कळते. वर्गणी थोडी घ्या, पण घराघरातून घ्या. दहा बड्या देणगीदारांकडून सगळी रक्कम जमली तर योजना त्या दहांची होते.

९. वर्गणी दिली नाही म्हणून पाणी तोडता येते का? दाखले अडवता येतात का?

नाही. घरपट्टी आणि पाणीपट्टी हे कर आहेत, त्यांच्या वसुलीचा रीतसर मार्ग कायद्यात आहे. वर्गणी ऐच्छिक असते. देवळाची, यात्रेची किंवा तालमीची वर्गणी दिली नाही म्हणून एखाद्या कुटुंबाशी बोलणे बंद करणे, दुकानातून माल न देणे, लग्न-मयतीला न जाण्याचा फतवा काढणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "आम्ही वाळीत टाकलेले नाही, लोक आपणहून बोलत नाहीत", हा बचाव ठरलेला असतो. तेव्हा बैठकीत कोण काय बोलले ते लिहून ठेवा.

१०. पाणी मुरणार बागायतदाराच्या विहिरीत, मग भूमिहीनाने श्रमदान का करायचे?

हा प्रश्न विचारणारा माणूस गावात बहुधा आळशी ठरतो. प्रत्यक्षात साऱ्या कामातला सर्वांत शहाणा प्रश्न हाच आहे. डोंगराला दोन फूट रुंद, फूटभर खोल सलग समतल चर खणायचा, त्यासाठी मजुराने दिवसाचा रोज बुडवायचा आणि खाली ज्याची पाच एकर बागायत त्याने पाइपलाइन टाकायची. हे सरळ सरळ एकाच्या घामाने दुसऱ्याचा मळा भिजवणे आहे.

याचे उत्तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावने शोधले. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात तिथे सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. उसाला बंदी. खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांनी उचलायचा. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला हे जड गेले, आणि म्हणूनच ती पद्धत फार पसरली नाही, असे आमचे मत आहे.

एवढे मोठे पाऊल उचलता येत नसेल, तर निदान हे करा. भूमिहीनांचे दिवस रोजगार हमीत बसवा. गायरानातल्या चाऱ्यावर पहिला हक्क त्यांना द्या, तळ्यातली मासेमारी भूमिहीनांच्या किंवा ढिवर-भोई समाजाच्या गटाला द्या. आणि हे सगळे कुदळ उचलण्याआधी ठरावात लिहा. नंतर पाणी आले की आठवण कोणाला राहत नाही.

११. महिला सभेत येतात, पण बोलत नाहीत. काय करावे?

आधी बसायची जागा बदला. पारावर पुरुष, खाली सतरंजीवर बायका आणि समोर सासरा किंवा दीर, अशा सभेत कोण बोलेल? म्हणूनच कायद्यात महिला सभा वेगळी ठेवली आहे (प्रश्न २). ती खरोखर घ्या. दुपारी दोन-अडीचला, बचत गटाच्या नेहमीच्या जागी. तिथे ठरलेले मुद्दे लिहून दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत वाचायचे. एकटीने उठून बोलण्यापेक्षा "काल आम्ही चाळीस जणींनी ठरवले" असे म्हणणे सोपे जाते.

२०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत. तरी सरपंचबाईंच्या खुर्चीत 'सरपंचपती' बसलेले दिसतात. अशा वेळी सभेत उभे राहून "प्रश्न सरपंचांना आहे" एवढेच शांतपणे म्हणावे. दोन-तीनदा म्हटले की खुर्ची रिकामी होते.

१२. आमचे गाव हिवरे बाजार होईल का?

दौरा काढून होणार नाही. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या, पाण्याच्या नियोजनासाठी गाजलेल्या हिवरे बाजारला रोज कुठून ना कुठून बस येते. परत जाणारे लोक बंधारे आणि सुंदर घरे पाहून जातात. पाहायचा असतो तो ग्रामसभेतला पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरले, पिण्याला आणि जनावरांना किती बाजूला ठेवायचे, आणि उरलेल्यात कोणते पीक किती घ्यायचे, हे तिथे दरवर्षी गाव ठरवते. शेतीसाठी बोअरवेल नाही आणि उसासारखे पाणी पिणारे पीक नाही. हा नियम पाळायचा म्हणजे स्वतःच्या रानात, स्वतःच्या पैशाने बोअर घ्यायचे नाही. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्यानंतर हे हळूहळू रुजत गेले, म्हणजे बांधकामाच्या मानाने शिस्तीला कितीतरी अधिक वर्षे लागली.

शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत सुरुवात देवळापासून झाली. लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी स्वतःची पुंजी घालून यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, मग गाव जमले. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान ही सूत्रे त्यानंतर. मात्र तिथल्या एका गोष्टीचे अनुकरण करू नका, ती पुढच्या उत्तरात.

१३. शिवीगाळ, दारू, उघड्यावर घाण यांबद्दल गावाने दंड किंवा शिक्षा ठरवली तर चालते का?

दंड चालू शकतो, मारहाण कधीच नाही. राळेगणमध्ये सुरुवातीच्या काळात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याच्या गोष्टी आजही काही जण कौतुकाने सांगतात. ती मारहाण होती, आणि ज्याला मारले त्याच्या घरच्यांना विचारले तर कौतुक ऐकू येणार नाही.

नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी दिल्यास ५०० रुपये दंडाचा ठराव केला. अशा ठरावाचा जोर गावाच्या लाजेत असतो. सरपंचाच्या भावाने शिवी दिली आणि पावती फाटली, तर ठराव टिकतो. गरिबाचीच पावती फाटायला लागली की तो संपतो.

परवान्याचे दारूदुकान असेल तर महिला मतदारांच्या मतदानाने, म्हणजे 'आडवी बाटली' करून ते बंद करता येते. बिनपरवाना गुत्ता असेल तर मतदान कशाला? तो मुळातच बेकायदा आहे. ग्रामसभेच्या ठरावासह पोलिसांकडे आणि उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी तक्रार द्या.

१४. गावाची बैठक देवळात घ्यावी का?

सगळ्यांची पावले तिथे सहज पडत असतील तर घ्या. एखादी वस्ती, एखादा धर्म, विटाळ पाळणाऱ्या गावात काही दिवस बायका तिथे येत नसतील, तर शाळेत घ्या. अनेक गावांत उरूस आणि जत्रा दोन्हीची कमिटी एकच असते. तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही. खासदार निधीतून प्रार्थनास्थळावर खर्च करता येत नाही. म्हणून देवळाला लागून 'सामाजिक सभागृह' बांधायची युक्ती निघाली. ते सभागृह गावातल्या सगळ्यांच्या लग्नाला मिळते का, एवढे तपासा. आणि वस्तीचे नाव अजून जातीवरून असेल, तर ते बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्येच घेतला आहे. ग्रामसभेत ठराव करा.

१५. आम्ही मुंबईत असतो. गावच्या कामात बोलायचा हक्क आम्हाला आहे का?

मतदारयादीत नाव मुंबईला असेल, तर गावच्या ग्रामसभेत मत नाही. तरीही कोकणात 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' हे प्रकरण ग्रामपंचायतीइतकेच वजनदार असते. शाळेचे छप्पर, देवळाचा कळस, वाडीचा रस्ता यांतले किती तरी चाकरमान्यांच्या पैशातून झाले आहे. पैसे देणाऱ्यांना आपले ऐकले जावे असे वाटते, आणि गणपतीत दहा दिवस येऊन वर्षभराचे निर्णय उलटवले जातात. गावात राहणाऱ्यांची चिडचिड तिथे होते. मंडळाने पैसे आणि सूचना द्याव्यात, कामाची निवड ग्रामसभेने करावी. शिमग्याला आणि गणपतीला एक एकत्र बैठक ठेवली की बरेच गैरसमज तिथल्या तिथे मिटतात.

१६. आदिवासी गावाला वेगळे अधिकार असतात का?

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घोषित आदिवासी भागात, ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा (१९९६) लागू आहे, राज्याचे नियम २०१४ चे आहेत. तिथे पाडाही स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी (ठरावीक योजनेला न बांधलेला पैसा) थेट मिळतो. वनहक्क कायद्याने (२००६) गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळवता येतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे त्यातले पहिल्या फळीतले गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना हाती आला. पण त्याआधी कितीतरी वर्षे गाव अभ्यासगटात बसत होते, आणि निर्णय बहुमताने नाही तर सर्वसहमतीने घेत होते. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा. गोंड परंपरेतला घोटुल, म्हणजे तरुणांनी एकत्र जमण्याचे घर, तेही त्यांनी पुन्हा उभा केला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्याच गावची. सर्वसहमतीला वेळ लागतो, तो देण्याची तयारी नसेल तर नुसती घोषणा भिंतीवर रंगवू नका.

१७. एखादी वाईट प्रथा बंद करायची आहे. ठराव पुरेसा आहे का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे यांना विरोध. दोन आठवड्यांत राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. मग धडाधड ठराव झाले. त्यांतले किती मयतीच्या दिवशी पाळले गेले, हा खरा प्रश्न. त्या घटकेला घरात रडारड असते आणि निर्णय भावकीतल्या थोरल्या बायकांच्या हाती असतो. ठराव त्यांना आधी समजावलेला नसेल तर कागद कपाटात राहतो. हळदीकुंकवाला विधवा बायकांना बोलावणे ही त्याहून सोपी आणि लवकर रुजणारी सुरुवात आहे.

१८. निवडणूक बिनविरोध करायची आणि जो देवळाला जास्त देणगी देईल त्याला सरपंच करायचे, असे गावाने ठरवले आहे. सगळे राजी आहेत. हरकत काय?

हरकत मोठी आहे. तो लिलाव आहे. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे असे प्रकार उघड झाले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द केली. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली होती. देवाचे नाव घेतले म्हणून खरेदी पवित्र होत नाही. आणि जो दोन कोटी घालतो, तो ते कुठून काढणार? बिनविरोध व्हायला आमची ना नाही, पण ती चर्चेतून व्हावी आणि अर्ज भरणाऱ्याला कोणी अडवू नये.

१९. यात्रेची शिल्लक शाळेला किंवा पाण्याला वापरता येईल का?

देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल, तर पैसा न्यासाच्या उद्देशांप्रमाणेच खर्च करावा लागतो. उद्देशांत शिक्षण किंवा समाजोपयोगी कामे असतील तर विश्वस्तांचा ठराव करून देता येते. नसतील तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारा, परस्पर काही करू नका. नोंदणी नसलेली यात्रा कमिटी असेल तर ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्यासमोर विषय मांडा. पुढच्या वर्षीच्या पावतीवरच 'शिल्लक शाळेसाठी' असे छापले की वादाला जागा उरत नाही. बैलगाडा शर्यतीच्या बक्षिसांतून एक गाडी कमी करून शाळेला संगणक घ्या, असे सुचवणाऱ्याने मात्र जरा जपून. ते यात्रेनंतर, हिशेबाच्या बैठकीत सुचवावे.

२०. सभेत ठरले एक आणि इतिवृत्तात लिहिले गेले दुसरेच. आता?

हे फार होते. सभा संपायच्या आतच ठराव मोठ्याने वाचून दाखवायची मागणी करा, क्रमांक आणि सूचक-अनुमोदकांची नावे लिहिल्यावरच उठा. त्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. कोऱ्या वहीवर सही करू नका, अंगठाही देऊ नका. वेळ निघून गेली असेल तर माहिती अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. मग गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, सोबत हजर असलेल्यांच्या सह्या जोडा. पुढच्या ग्रामसभेत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय येतो. तेव्हा "मंजूर, मंजूर" असा आवाज उठायच्या आत हात वर करा आणि आपला आक्षेप वहीत नोंदवून घ्या.